मी भैरूचा हातोडा

मी हातोडा बोलतोय. बोलण्याआधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्वदीर्घाचा मेळ मला कधी बसला नाही आणि शब्दही साधेच येतात. शाळा अर्ध्यात सुटली की असं होतं.

हसू नका, मी खरंच शाळेत होतो. मुळशी भागातल्या आमच्या गावी, पौडच्या पुढे, आठवीपर्यंतची शाळा आहे. तिच्यासमोरच्या जांभळीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्याच्यावर घाव घालून मी शाळा भरवायचो आणि सोडवायचो. मधल्या वेळी गुरुजींच्या खिडकीत पडून पाढे ऐकायचो. नकाशावरची लांबलांबची नावं ऐकायचो. पुढे शाळेला पितळेची घंटा मिळाली आणि मला घरी पाठवण्यात आलं. मला घरी घेऊन आला तो भैरू. त्याचाही शाळेतला तो शेवटचा दिवस होता. आठवी झाली होती आणि घरी आईचा खांदा धरला होता.

भैरूची आई साळूबाई म्हणजे लोहाराची बायको. लोहाराच्या घरी घण बाईच्याच हातात असतो. तिचा खांदा धरला की भट्टी बंद. म्हणून घण भैरूच्या हातात आला. मला घडवलं ते त्याच्या बापाने, कोंडिबाने. मोडक्या ट्रकच्या आसाचा तुकडा तापवून त्याने माझं डोकं केलं आणि त्यात धामणीच्या लाकडाचा दांडा ठोकला.

माझं काम काय, ते सांगतो. घण मोठा, पण त्याला अक्कल नसते. सांडशीत तापलेलं लोखंड धरून लोहार माझा एक हलका ठोका मारतो, की घणाने तिथेच घाव घालायचा. मी जोरात पडलो तर घणानेही जोरात पडायचं. बोलायची गरज लागत नाही. काम संपलं की लोहार मला ऐरणीवर आडवा ठेवतो. काम अर्धं राहिलं असेल, जेवणासाठी किंवा पाहुण्यासाठी थांबावं लागलं, तर उभा ठेवतो, डोक्यावर, दांडा आभाळाकडे. उभ्या हातोड्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काम ज्याचं, तो येऊन उचलतो. आमच्या भट्टीत ही रीत फार जुनी आहे.

काही वर्षांनी कोंडिबाला लोखंडाचा रंग नीट दिसेनासा झाला. पिकल्या जांभळासारखा रंग, टोमॅटोसारखा, मग उन्हातल्या पिवळ्या फुलासारखा, यातला कुठला रंग घावाचा, हे सगळं डोळ्यांवर असतं. खंडेनवमीच्या दिवशी त्याने मला कुंकू लावलं आणि भैरूच्या हातात दिलं. स्वतः घण उचलला.

माझे सुखाचे दिवस तेव्हापासूनचे. भैरू लाजाळू. बाजारात कोणी नाव विचारलं तरी जमिनीकडे बघून सांगायचा. पण माझा दांडा मुठीत आला की तो बापालाही हुकूम सोडायचा. हितं मार. आता हळू. आता बास. सगळं माझ्या तोंडून. गावात त्याचा आवाज कोणी ऐकला नसेल, माझा सगळ्यांनी ऐकला आहे. मला वाटायचं, हा माणूस माझा आहे.

मग ज्ञानदेव रजेवर आला.

ज्ञानदेव बौद्धवस्तीतला. भैरूच्या आधी तीन-चार वर्षं त्याच शाळेत होता, त्याचीही शाळा मीच भरवली आहे. औंधच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून तो मस्कतला गेला होता. पूर्वी त्याची आई विळा शेवटायला, म्हणजे झिजलेलं पातं ठोकून पुन्हा धारेला आणायला आणायची, तेव्हा बाहेरच्या दगडावर ठेवून लांब उभी राहायची. ज्ञानदेव थेट भट्टीपाशी आला आणि कोंडिबाने त्याच्याकडे पाट सरकवला. साळूबाई चहाला आधण ठेवायला उठली.

"काय करतुयास तितं?" कोंडिबाने विचारलं.

"लोखंड जोडतो, मामा."

"मग आमी काय हितं कापूस जोडतोय?"

"तुमी तापवून ठोकता. तितं ठोकायचं न्हाई. करंटची कांडी टेकवायची, लोखंड आपसूक वितळतंय आन् जुळतंय."

"मार न खाता जुळलेलं टिकत न्हाई. लोखंड आसूदे न्हाईतर पोरगं."

ज्ञानदेव हसला. मग भैरूकडे वळला. "आवंदा तूबी जा औंधाला. आठवी पास चालतंय. एक वरीस शिकायचं, मुंबईला परीक्षा द्यायची, आन् चल माझ्यासंगं."

"इंग्रजी?" भैरूने विचारलं. त्या दिवसभरात तो एवढंच बोलला.

"लोखंडाला कुटं येतंय इंग्रजी?"

भैरूने मान खाली घातली. पण मी त्याच्या मुठीत होतो. हेवा चेहऱ्यावर दिसायच्या आधी मुठीत कळतो. ज्ञानदेवच्या बुटांकडे, त्याच्या मोठ्याने हसण्याकडे, पाटावर ऐसपैस बसण्याकडे भैरू बघत होता आणि माझा दांडा करकचून दाबत होता. त्याला ज्ञानदेवचा हेवा वाटला आणि मला मस्कतचा. ते नाव मी खिडकीतून कधी ऐकलं नव्हतं.

भैरू औंधला गेला. रविवारी यायचा. वर्ष संपता संपता एका रविवारी त्याच्या पिशवीतून जोडताना डोळ्यांपुढे धरायची काळ्या काचेची ढाल निघाली आणि एक हातोडी.

तिच्याबद्दल मला नीट बोलता येणार नाही, तरी सांगतो. अंग नाजूक, दांडा लोखंडाचाच, एका टोकाला पाखरासारखी चोच. जोड झाल्यावर वर जे कीट साचतं, ते टोचून काढणं एवढंच तिचं काम. तिने कधी फाळ शेवटला नव्हता. कुऱ्हाडीला धार दिली नव्हती. नुसती खपली काढायची आणि दिमाखाने पिशवीत बसायचं. त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर पहिली जागा ढालीला, दुसरी तिला आणि तिसरी मला. साळूबाईने कुंकू लावताना तिच्या चोचीला जरा जास्तच लावलं. मी दिवसभर कोणाकडे बघितलं नाही.

पुढे मुंबईची परीक्षा आली. दोन जाड पट्ट्या जोडून दाखवायच्या होत्या. पास झाला तर मस्कत, नापास झाला तर मी. मी मनातून काय मागत होतो, ते तुम्ही ओळखलं असेल.

भैरू परतला तो दुसऱ्याचा हात धरून. डोळे सुजून लाल झाले होते, पाणी खळत नव्हतं.

"वाळू भरल्यागत हुतंय, आये," एवढंच म्हणाला.

झालं होतं असं, की लोहाराच्या पोराने लोखंडाचा रंग बघितल्याशिवाय काम केलेलं नव्हतं. काळ्या काचेतून रंग कळेना. औंधलाही त्याला ही खोड होती, मास्तर ओरडून ओरडून थकले होते. परीक्षेत घाबरल्यावर खोड पुन्हा वर आली. पट्टी जांभळी झाली का पिवळी, हे बघायला तो घडीघडी ढाल बाजूला करून जळत्या कांडीच्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. त्यात हात हलला आणि जोड वाकडातिकडा झाला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी परत पाठवलं. महिन्याने पुन्हा या म्हणाले. तेव्हाही असंच झालं तर पुन्हा येऊ नका.

साळूबाईने बटाट्याच्या चकत्या कापून त्याच्या डोळ्यांवर ठेवल्या आणि वर कापडाचा धडपा बांधला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो पुन्हा माझ्याजवळ, ऐरणीशेजारी पोत्यावर बसला होता आणि ती चोचवाली पिशवीतच पडून होती.

कामं खोळंबली होती, म्हणून कोंडिबाने मला उचललं. साळूबाईने दुखऱ्या खांद्याने घण घेतला.

"एक निम्मा आंधळा, दुसरा पट्टी बांधलेला," ती म्हणाली. "देवा, आता लोखंडालाच डोळं दे."

कोंडिबा माझे ठोके टाकत होता. अचानक पोत्यावरून भैरू म्हणाला, "आबा, थांबा. गार झालं."

"तुला काय दिसतंय?"

"दिसत न्हाई. ऐकू येतंय. मगा हातोडा धप् वाजत हुता, आता टण् वाजाय लागला."

कोंडिबाने डोळे बारीक करून बघितलं. लोखंड काळं पडलं होतं. त्याने ते पुन्हा भट्टीत सारलं, बाहेर काढलं, मुद्दाम एक ठोका जास्त मारला.

"आता?"

"आता हाय ऊब. आजून दोन घाव बसत्याल."

बापाला गंमत वाटली. दुपारभर तो मला वाजवत राहिला आणि भैरू सांगत राहिला. मीही फुशारलो. इतक्या दिवसांनी तो माझं ऐकत होता, नुसतं माझंच. जेवढं येत होतं तेवढं मी स्पष्ट वाजलो.

संध्याकाळी ज्ञानदेव डोळ्यांची चौकशी करायला आला. तो यंदा पुन्हा रजेवर आला होता आणि रजा अजून शिल्लक होती. भैरूने त्याला विचारलं, "ज्ञानबादादा, कांडी नीट चालली म्हंजी आवाज कसा येतो?"

ज्ञानदेवने थोडा विचार केला. "भजी तळल्यागत. येकसारखा. कांडी लांब गेली की फटफटतो, जवळ गेली की चिकटती आन् गप हुतो."

"मग बघायला कशाला पायजे?" भैरू म्हणाला. "काचंतनं दिसंल तेवढं बघीन, बाकीचं ऐकीन."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी दिवसभर घसा ताणून जे शिकवलं होतं, ते त्याला माझ्यापासून दूर न्यायला शिकवलं होतं.

डोळे बरे झाल्यावर तो पौडला एका ग्रिलवाल्याकडे जाऊन रोज कांड्या जाळत राहिला. महिन्याने मुंबईला गेला आणि पास होऊन आला. सांगताना म्हणाला, "ढाल येकदाबी उचलली न्हाई, आये." साळूबाईने मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. कोंडिबा म्हणाला, "आता तितं जाऊन मान वर करून बोल जरा." भैरू जमिनीकडे बघून "व्हय" म्हणाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पत्र्याची पेटी भरणं चाललं होतं. चटणी, पापड, दोन सदरे, चादर. मी भट्टीतून सगळं ऐकत होतो. मग भैरू आला, त्याने माझा दांडा गोडेतेलाने पुसला, मला फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. खाली चादर, वर पापड. काय सांगू तुम्हाला. शेजारी ढाल होती, पलीकडे ती हातोडी होती आणि पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही. जागा तीन होत्या आणि आम्ही तिघे होतो.

ज्ञानदेवने पेटीचं झाकण उघडलं. "ह्ये काय? हत्यारं समदी कंपनी देती. वजन करत्यात विमानाला."

ढाल निघाली. हातोडी निघाली. ती निघाल्याचा मला जो आनंद झाला, तो पुरता व्हायच्या आत मीही निघालो.

"ह्यो ऱ्हाऊ दे की," भैरू म्हणाला.

"तितं काय ठोकनार हायेस, बाबा? त्यापरीस पापड ने."

माझी जागा पापडांनी घेतली.

आज या गोष्टीला चार वर्षं होत आली. ढाल आणि हातोडी पौडच्या ग्रिलवाल्याने नेली. कोंडिबा दुसऱ्या एका हलक्या हातोड्याने विळे शेवटतो, मला घेत नाही. मधे भैरूने टेपची एक कॅसेट पाठवली. तिच्यात तो "आये, मी बरा हाय" म्हणाला, पुढे कॅसेट संपेपर्यंत मागून नुसता तळल्यासारखा आवाज येत राहिला. साळूबाई म्हणाली, "त्याच्या मागं भजी कोन तळतंय?" कोंडिबाने कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मी तो आवाज ऐकला आणि जळलो. त्या आवाजाला तो रोज कान देतो.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर भट्टीत जरूर या. माझ्या अंगावर थोडा गंज दिसेल, त्याचं काही नाही. पाणी प्या, कोंडिबाशी बोला. पण मला उचलू नका आणि नीट ठेवतो म्हणून आडवाही करू नका. खंडेनवमीला साळूबाई मला कुंकू लावते, तीही न हलवता लावते.

कारण मला पेटीतून काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एसटीची वेळ झाली असताना, बाहेरून सगळे हाका मारत असताना, भैरू एकटा भट्टीत आला. त्याने फडकं सोडलं, मला हातात घेतलं आणि थंड ऐरणीवर एक हलका ठोका मारला. मग त्याने मला तिच्यावर उभा ठेवला, दांडा आभाळाकडे, आणि गाडीकडे गेला.