कागदात बांधू नका

आमच्या मेडिकलमध्ये दोन प्रकारची औषधं आहेत. एक, जी पिशवीत टाकून देतात, आणि दुसरी, जी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतात. ही दुसरी औषधं सगळ्यात खालच्या खणात असतात आणि तो खण उघडायचा मान फक्त माझ्या सासऱ्यांचा, खंडेराव आबांचा. गिऱ्हाईक नुसतं "बाईमाणसाचं" असं पुटपुटलं की आबा वाकतात, खोक्यातून गोळ्या काढतात आणि त्यांच्यासोबत आलेली पांढरी प्लास्टिकची काडी आणि चित्रांचा माहितीकागद बाजूला काढून ठेवतात. चारचौघांत ते बरं दिसत नाही म्हणे. मग पुडी बांधून सांगतात, "रात्री झोपताना एक." संपलं. त्या काड्या ते वाया जाऊ देत नाहीत. तेलात बुडवून शटरच्या कुलपात फिरवतात. आमच्या शटरइतकं मऊ कुलूप अख्ख्या वणीत नसेल.

दुकान चालतं ते मात्र माझ्यावर. म्हणजे भिंतीवर, गणपतीच्या शेजारी चौकटीत लावलेल्या माझ्या फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटवर. त्याला रोज उदबत्ती ओवाळतात. मला खालच्या खणाकडे वाकायची परवानगी नाही.

गंमत अशी की मी नाशिकला शिकले ते नेमकं खालच्या खणाचं. एम.फार्म.ला माझा विषयच होता योनिमार्गात ठेवायची गोळी. तिच्यात पॉलिमर असतो. तो तिथल्या ओलाव्यानं फुगतो, आतल्या नाजूक त्वचेला चिकटून बसतो आणि औषध थोडंथोडं, जिथं हवं तिथंच सोडत राहतो. गोळी किती घट्ट चिकटते हे तपासायला मी खाटकाकडून बकरीचा तो अवयव आणायचे. खाटकानं एकदाही मान खाली घातली नाही. आमच्या सरांनी मात्र सगळ्यांसमोर बोलताना 'विशिष्ट मार्ग' म्हणायला सांगितलं. मी मूळ शब्दच म्हटला, आणि सर पुढे काही विचारायच्या आत पुन्हा म्हटला. माझी जीभ तिखट आहे हे माहेरी सायखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला जरा वेळ लागला.

द्राक्षांच्या विरळणीचे दिवस होते. सुरगाण्याकडची माणसं बागांवर कामाला आली होती. त्यातला सुनील एका दुपारी चिठ्ठी घेऊन आला. सलाईन, सुया, हातमोजे, टाक्यांचा दोरा. हे सामान म्हणजे ऑपरेशन, म्हणून पिशवी भरून त्याच्या हातात देताना मी कुणाचं ते विचारलं. त्यानं मागे मान वळवली. पायरीखाली त्याची बायको उभी होती. आशा तिचं नाव. वय तिशीच्या आतलं, अंगानं काटक, डोळे मात्र थकलेले.

सुनीलनं सांगितलं की तिची पिशवी काढायची आहे. अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते, कामात उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही, पिशवी सडलीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. सोमवारी भरती व्हायचं होतं.

कुठलं औषध लागू पडलं नाही, असं मी विचारलं. सुनीलनं गल्ल्यावर बसलेल्या आबांकडे बोट केलं. इथूनच पुन्हा पुन्हा गोळ्या नेल्या होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. पुडी बांधून.

मी काउंटरची फळी उचलली आणि पायरी उतरून आशाजवळ गेले.

"गोळी कशी घेतलीस, आशा?"

"झोपताना येक. दुधासंगं," ती म्हणाली. "लय मोठी गोळी, घशात अडकं."

"गिळलीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेडी मीच. "मंग गोळीचं दुसरं काय करत्यात?"

तिचं चुकलं नव्हतं. गोळी म्हटलं की माणूस गिळतोच. डॉक्टरनं सांगितलं नाही, नर्सनं सांगितलं नाही, आणि ज्या दोन गोष्टींनी सांगितलं असतं, ती चित्रं आणि ती काडी, त्या आमच्या दुकानात अडवल्या गेल्या होत्या. एक गोळीसुद्धा जागेवर पोचली नव्हती आणि आता त्याची शिक्षा म्हणून या पोरीचं गर्भाशय कापून काढणार होते.

मी आत गेले, खालचा खण खसकन ओढला आणि गोळ्यांचं खोकं काउंटरवर ठेवलं. आशाला वर बोलावलं. ती कचरली, मग आली. तिच्या तळहातावर एक गोळी ठेवली आणि पाण्याचे दोन थेंब सोडले. देवीला आलेले दोन यात्रेकरू डोकेदुखीची गोळी मागायला थांबले होते, तेही बघत राहिले. गोळी कडेनं फुगली, गुळगुळीत झाली, सब्जाच्या बियांसारखं तिच्यावर आवरण चढलं. मी आशाला हात उलटा करायला सांगितलं. गोळी पडली नाही. तिनं हात झटकला, तरी नाही.

"ही पोटात नाही जायची," मी म्हणाले. "ही योनीत ठेवायची, या काडीनं, आडवं पडून. तिथं ही अशीच चिकटून बसते आणि हळूहळू औषध सोडते. दुधासंगं गेली तर तिथवर पोचणारच नाही."

यात्रेकरू निघून गेले. आबांचा चेहरा काळवंडला होता.

"उज्ज्वला, आत जा," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण आमच्या घरात तेवढ्यावर माणसं उठतात.

"मी आत गेले तर भिंतीवरचं सर्टिफिकेटपण माझ्यासोबत आत येईल, आबा."

आबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि सुट्टे पैसे लावत बसले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना इतके सुट्टे पैसे कधी लावावे लागले नसतील.

सुनील चुळबुळत होता. डॉक्टरला हो म्हटलंय, मुकादमाला सुट्टी सांगितलीय, चार माणसांत बोलणं झालंय, असं काय काय म्हणाला. मी त्याला साफ सांगितलं की मी डॉक्टर नाही, ऑपरेशन लागणारच नाही असं मी म्हणत नाही. पण औषध एकदाही न लावता औषध लागू पडलं नाही, हे कुठलं शास्त्र? आधी नाशिकला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवा, तपासणी करा. ऑपरेशन कुठं पळून जात नाही.

आशा हातातल्या गोळीकडेच बघत होती. "आन् पिशवी येकदा काढली का?" तिनं विचारलं.

"ती परत बसवता येत नाही."

तिनं ती गोळी पदराला पुसली. ऑपरेशनच्या सामानाची भरलेली पिशवी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली आणि माझ्यापुढे सरकवली.

"हे राहू द्या," ती म्हणाली. "माझं हाय ते. सडलंय का नाय, आधी मी बघन."

सुनील तिच्यामागे पायरी उतरला. बोलला असता तर मी होतेच.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नमुना घेतला. संसर्ग निघाला, जुना आणि दुर्लक्षित. तसल्याच गोळ्या लिहून दिल्या. सुनीललाही दिल्या, त्या मात्र गिळायच्या होत्या. खाज थांबली, पिशवी जागेवरच राहिली. हे सगळं मला आशानं स्वतः सांगितलं, द्राक्षांची काढणी सुरू झाल्यावर. त्यानंतर एकदा मी मागच्या खोलीत माल लावत होते आणि बाहेरून तिचा आवाज आला. फटीतून बघितलं. एकटी नव्हती. बागेवरच्या तिघीचौघी तिच्यामागे उभ्या होत्या, एकीनं तोंडाला पदर लावलेला. आशा त्यांना हातवारे करून समजावत होती, आडवं कसं पडायचं, काडी कशी धरायची. एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाईल असं.

मी बाहेर आले नाही. मला बघायचं होतं.

आबा वाकले. खण उघडला. गोळ्या काढल्या आणि सवयीनं काडी बाजूला ठेवली.

"ती काडी द्या, आबा," आशा म्हणाली. "चित्रंबी."

आबांनी दिली. मग त्यांचा हात वर्तमानपत्राकडे गेला.

"कागदात बांधू नका," ती म्हणाली. "गोळी हाय. गांजा नाय."