गळ्याला टेकणारा कान

मी प्रोब बोलतोय. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरने बांधलेला, साबणाच्या वडीएवढा. शिक्षण नाही. आवाज आत सोडायचा आणि परत आलेला ऐकायचा, एवढंच शिकलो. ते चोख करतो.

आधी मोठ्या शहरात होतो. तिथे नवं यंत्र आलं आणि मला सामोआतल्या सवाई बेटावरच्या या दवाखान्याला देऊन टाकलं. त्याला बारा वर्षं झाली. वाईट वाटलं नाही. इथली माणसं गार जेली लागली की हसतात आणि जाताना डॉक्टर मालियाला भाजलेला नीरफणस देऊन जातात.

गेल्या वर्षी फुआतिनो आली. चर्चच्या गाण्यात पहिला सूर तिचा. गळ्यात गाठ. चार महिने तिच्यावर तेल चोळून घेतलेलं.

"कापणार असाल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "आवाज गेला तर चर्चमध्ये काय पंखा हलवत बसू?"

मी बघितलं. अकरा मिलिमीटर. कडा वेड्यावाकड्या, आत पांढरे ठिपके. गाठ साधी दिसली असती तर सुई लागली नसती. ही तशी दिसत नव्हती. लपवणं माझ्या स्वभावात नाही.

"मावशी, बारीक सुईने थोड्या पेशी काढू," डॉक्टर म्हणाली. "सुई आत असताना गिळायचं नाही, बोलायचं नाही."

नवरा सिआओसी चर्चचा कारभारी. रीतीप्रमाणे त्याने आधी प्रार्थना केली. मग पायाशी उभा राहिला. सुई आत गेली, तिचं टोक मी पडद्यावर धरलं. एवढ्यात त्याला राहवलं नाही. तो पुन्हा पुटपुटला आणि शेवटी मोठ्याने म्हणाला, "आमेन!"

"आमेन!" फुआतिनोने उत्तर दिलं. जन्माची सवय. गळा वर उचलला, सुई सरकली. हाती नुसतं रक्त आलं.

"काका!" डॉक्टर ओरडली.

"मग आमेनला उत्तर नको?" तो म्हणाला.

फुआतिनो गळ्यावर कापूस दाबून उठली. "चाळीस वर्षं तुझं एक ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं आज! जा, बाहेर बस."

तो गेला. दुसऱ्या वेळी ती दगडासारखी पडून राहिली. टोक मी शेवटपर्यंत सोडलं नाही.

पेशी पसरलेल्या काचपट्ट्या तपासायला विमानाने न्यूझीलंडला गेल्या. बारा दिवस ती गायली नाही. मग उत्तर आलं. कर्करोग नाही. कापायचं नाही. वर्षाने फक्त बघायचं.

आता माझ्या वायरला चिकटपट्टी आहे. कान शाबूत आहे. तुम्हाला सांगतो, गळ्याला गाठ हाताला लागली तर चोळत बसू नका. दाखवा. बहुतेकांना मी सुईशिवायच घरी पाठवतो.

मागच्या मंगळवारी फुआतिनो आली. मी मोजलं. अकरा. तेवढीच.

"वाढली नाही," डॉक्टर म्हणाली.

मी अजून गळ्यावरच होतो, तेवढ्यात तिने सूर लावला. पडदा थरथरला, चित्र पार बिघडलं. मी आयुष्यात कधी खराब चित्र दिलं नाही. ते एक दिलं.