आजोबा, बटण सोडा

मित्रांनो, माझा आवाज जरा खरखरीत येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी एक जुना वॉकीटॉकी आहे. माझ्या पोटात सेल आहेत, डोक्यावर वीतभर एरियल आहे आणि कुशीला एक बटण आहे. बटण दाबलं की मी बोलतो, सोडलं की ऐकतो. दोन्ही कामं एकदम मला जमत नाहीत. माणसांना जमतात म्हणे. मी तरी तसा माणूस अजून पाहिलेला नाही.

आम्ही एकेकटे जन्मत नाही, जोडीनेच जन्मतो. कारखान्यात चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या आणि त्याच हाताने माझ्या जोडीदाराच्याही जोडल्या. मग आम्हाला टेबलाच्या दोन टोकांना ठेवून त्या म्हणाल्या, "हॅलो, एक, दोन, तीन." जोडीदाराने ते पकडलं, मी ऐकवलं. बाई हसल्या आणि आम्ही एका खोक्यात गेलो.

पुढची कैक वर्षं आम्ही उंच इमारतींच्या बांधकामावर काढली. जोडीदार वर क्रेनवाल्याच्या केबिनमध्ये आणि मी खाली आजोबांच्या हातात. तेव्हा ते आजोबा नव्हते, काळ्या मिशांचे तगडे गृहस्थ होते. क्रेनला खालून इशारे देणं हे त्यांचं काम. "घे... घे... हळू... थांब!" त्यांच्या एका 'थांब'वर टनभर लोखंड हवेत जागच्या जागी उभं राहायचं. कामगारांनी त्यांचं नावच 'थांबसाहेब' पाडलं होतं. त्यांच्या हाताखाली कुणाचं बोटही कधी चेंगरलं नाही. लोक त्यांचं कौतुक करत, त्यात थोडं माझंही होई.

बटणाच्या बाबतीत मात्र ते फार कडक. एकदा एका कामगाराने बोट दुखतं म्हणून त्याच्या वॉकीटॉकीच्या बटणाला रबरबँड गुंडाळला. झालं! सगळ्यांचेच कान बंद. थांबसाहेब असे काही कडाडले की विचारू नका. "अरे शहाण्या, तू एकटाच बोलत बसलास, तर बाकीच्यांनी एकमेकांना हाक कशी मारायची?"

ते निवृत्त झाले तेव्हा नवे वॉकीटॉकी आले होते. मग आमची जुनी जोडी सगळ्यांनी त्यांनाच भेट दिली. घरी आल्यावर आम्ही कपाटातल्या खणात पडलो. सुतळीचा गुंडा, मोडके चष्मे आणि आम्ही. मित्रांनो, पडून राहणं फार वाईट. पण खणातूनही घर ऐकू यायचं. आजोबांचा आवाज घरातही बांधकामावरचाच होता. "हे घे. ते ठेव. चला, आटपा." आजीचा आवाज क्वचित यायचा. "अहो, मी काय म्हणते..." आणि तो तिथेच संपायचा, कारण आजोबा चपला घालून निघालेले असायचे.

मग आजीला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग घरचा रस्ता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना जे दाखवायचं असेल ते आत्ताच दाखवा." आजीला समुद्र बघायचा होता. मुलाने सगळ्यांसाठी मोठ्या प्रवासी जहाजाचा बेत केला. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. भर समुद्रात फोन लागणार नाहीत हे कळलं, तसे आजोबा ताडकन उठले आणि त्यांनी खण उघडला. नवे सेल पोटात पडले तेव्हा मला रडूच आलं असतं, पण मला रडायची सोय नाही.

जहाज म्हणजे तरंगतं गावच. मजल्यावर मजले, लांबच लांब बोळ आणि सगळे दरवाजे एकसारखे. पहिल्या दिवशी नात आणि आजोबा आमच्यावर खेळले. दुसऱ्या दिवशी आजी स्वतःची खोली समजून भलत्याच खोलीच्या दाराशी जाऊन बसली. तेव्हा आजोबांनी जोडीदाराला दोरी बांधून तिच्या गळ्यात घातलं. पण आजी बटण दाबायचं विसरायची, नाहीतर दाबून गप्प बसायची आणि सोडून बोलायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी काय केलं असेल? नातीच्या केसांचा रबरबँड घेतला आणि जोडीदाराच्या बटणाला गुंडाळला. होय, थांबसाहेबांनी! "आता हिला काही करायला नको. ही बोलली की मला ऐकू येईल." आम्ही दोघं एकाच खोलीत होतो. असं झालं की माझा आवाज जोडीदाराच्या कानात जातो, तो परत माझ्या तोंडून येतो आणि आम्ही कर्कश किंचाळतो. कुईंऽऽ! नातीने कान झाकले. आजोबांनी माझा आवाज अगदी बारीक केला आणि तो वाढवायचं विसरून गेले.

दुपारच्या जेवणानंतर आजीला त्यांनी वाचनालयाबाहेरच्या खुर्चीत बसवलं. "मी येतो, हलू नकोस," म्हणाले आणि वरच्या डेकवर गेले. तिथे चार मंडळी जमली होती. आजोबांनी क्रेनच्या गोष्टी सुरू केल्या. मी त्यांच्या कमरेला होतो. माझ्या तोंडून आजी बोलत होती. "अहो, कुठे आहात? मला इथलं काही ओळखू येत नाही हो." मी जीव तोडून सांगत होतो, पण कुजबुजीपलीकडे माझा आवाज जाईना. मित्रांनो, त्या वेळेइतकी लाज मला कधी वाटली नाही.

तासाभराने ते खाली आले. खुर्ची रिकामी!

आजोबांनी धावतपळत घरच्यांना गोळा केलं. मुलगा धावत जहाजाच्या चौकशी खिडकीकडे गेला, सून खोलीकडे. आजोबांनी माझा आवाज वाढवला आणि नुसता वारा ऐकू आला. वाऱ्यातून आजी म्हणाली, "अगं बाई! केवढं हे पाणी!"

ती उघड्या डेकवर होती, कठड्यापाशी.

"अगं, थांब! तिथेच थांब!" आजोबा माझं बटण दाबून ओरडू लागले. पुन्हा पुन्हा तेच. ज्या शब्दावर टनभर लोखंड थांबायचं, तो तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, कारण तिचं बटण त्यांनीच बांधून ठेवलं होतं.

नातीने त्यांचा हात धरला. "आजोबा, बटण सोडा ना! तुम्ही दाबलंत की आजी बंद होते."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोट उचललं. आयुष्यात पहिल्यांदा ते नुसते ऐकत उभे राहिले.

दार आपटल्याचा आवाज आला. वारा थांबला. ती आत आली होती. जहाज लोखंडाचं, त्यामुळे तिचा आवाज भिंतीआड बुडायचा. एका जिन्याशी तो विरला, दुसऱ्याशी जरा उघडला. "इकडे!" नात म्हणाली. दोघं एकेक मजला उतरू लागले. आवाज स्पष्ट होई तिकडे पाऊल, फिका होई तिथून मागे. इतक्यात जहाजभर आजीच्या नावाची हाक घुमली. माझ्यातून आजी कुणाला तरी म्हणाली, "कुणीतरी हरवलंय वाटतं बिचारं."

चमच्यांचा खणखणाट ऐकू येऊ लागला. एका बाईचा आवाज आला, "आजी, जेवण केव्हाच आवरलं. तुम्हाला थोडं काही आणून देऊ का?"

"नको गं. हे येऊ देत." आजीचा आवाज बारीक होत चालला होता. सकाळपासून अखंड बोलून जोडीदाराचे सेल उतरले होते. "आमचे हे कामावर गेलेत. फार मोठं काम आहे त्यांचं. साऱ्या जगाला थांब म्हणतात. माझ्यासाठी मात्र कधी थांबले नाहीत बघ. मी माझं पान वाढून घेईतो यांचं ताट रिकामं. एकदा तरी बसा म्हणायचं होतं. राहूनच गेलं."

आजोबांनी मला कानाशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "चल," ते म्हणाले, "लवकर चल. हिचा आवाज संपत आलाय."

तळमजल्यावरच्या मोठ्या भोजनगृहाचं दार त्यांनी ढकललं आणि मी किंचाळलो. कुईंऽऽ! कोपऱ्यातून जोडीदारही किंचाळला. सकाळी ज्या आवाजाने नातीने कान झाकले होते, त्याच आवाजाने तिचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यातल्या टेबलाशी आजी बसली होती. समोर दोन रिकाम्या बशा. शेजारी एक वाढपीबाई हातरुमालांच्या घड्या घालत होती.

"आलात?" आजी म्हणाली. "बसा. सुरू करा."

आजोबांनी आधी तिच्या गळ्यातल्या वॉकीटॉकीचा रबरबँड तोडून टाकला. वाढपीबाईने दोन बशांत जेवण आणून ठेवलं. आजोबांनी हात मांडीवर ठेवले.

"तू घे आधी," ते म्हणाले. "मी थांबतो."

आजीने बशी पुढे ओढली. मग तिने पहिला घास घेतला.

त्यानंतर आजी चार वर्षं होती. शेवटी शेवटी ती आजोबांचं नावही विसरली, पण ताटं मांडली की न चुकता विचारायची, "थांबाल ना?" आणि ते थांबायचे. तिला एक घास चावायला कितीही वेळ लागो.

आता ती नाही. माझा जोडीदार खणात आहे. त्याच्या पोटातले सेल काढायला कुणाला सुचलं नाही. ते फुटून त्याच्या तारा गंजल्या, आणि तो कायमचा मुका झाला. आजोबा मात्र मला रोज दुपारी टेबलावर ताटाशेजारी ठेवतात, चालू करतात आणि बटणाला हात न लावता खरखर ऐकत बसतात. मिनिटभराने पहिला घास घेतात.

मित्रांनो, मला फडक्याने पुसा, पाण्यापासून जपा, हे तर सांगायलाच नको. पण तुमच्यापैकी कुणी आमच्या घरी आलंच, तर माझे सेल तेवढे बदलून जा. आजोबांच्या ते लक्षात राहत नाही. ते बिचारे अजून थांबलेले आहेत.