बरोबर आहे तुमचं

मी एक इस्त्री. बोलतेय ती गारच बोलतेय, तेव्हा चटका बसेल अशी भीती नको. जवळ बसा.

माझा जन्म कारखान्यातला. तळ घासून चकचकीत केला, वायर गुंडाळली, थर्माकोलात कोंबलं आणि खोक्यावर हसत हसत इस्त्री करणाऱ्या एका बाईचं चित्र छापलं. इस्त्री करताना इतकं हसणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

पहिल्या घरी कसलासा समारंभ होता. घरातल्या यच्चयावत माणसांचे कपडे मी ताठ करून दिले, अगदी पाहुण्यांच्या रुमालांपर्यंत. समारंभ उरकला आणि मी पुन्हा खोक्यात. दुकानात त्या घरच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला हवी होती तशी नाही ही."

परत आलेला माल घ्यायचं काम काउंटरवरच्या ताईकडे होतं. तिने माझा तळ पाहिला. त्यावर स्टार्चचा थर चढला होता. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि मला ठेवून घेतलं.

दुसऱ्या घरचे गृहस्थ मला शर्टावर ठेवून फोनवर गप्पा मारत बसले. मग तो शर्ट घेऊनच दुकानात आले. "बघा, तुमच्या इस्त्रीचे प्रताप." ताई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." तिसऱ्या घरच्या आजींनी मला चांगलं वर्षभर वापरलं आणि सुनेला माझा निळा रंग आवडत नाही म्हणून परत आणून दिलं. त्यांचंही बरोबरच होतं.

सुरुवातीला मला फार राग यायचा. वाटायचं, ही बाई एकदा तरी गरम होईल. पण मालकांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "गिऱ्हाईक तोंड वाकडं करून बाहेर पडता कामा नये. वाद घालायची हौस असेल तर घरी जाऊन घाला." ताई दुकानात वाद घालत नसे आणि घरीही घालत नसावी. आधी गिऱ्हाईक गेल्यावर निदान पुटपुटायची, "काय एकेक माणसं असतात." मग तेही थांबलं. कुणी वाटेल ते बोललं तरी तिच्या चेहऱ्यावर एक सुरकुती पडत नसे, जणू मीच तिच्यावरून फिरले होते.

मला काउंटरखाली, परत आलेल्या मालाच्या खोक्यात टाकलं होतं. हळूहळू मलाही काही वाटेनासं झालं.

एका दुपारी ताईची लेक दुकानात आली. कॉलेजात जाणारी पोर. रांग होती, तर गुपचूप रांगेत उभी राहिली. पुढे आल्यावर म्हणाली, "आई, मी मावशीकडे राहायला जाते. मी काहीही सांगितलं तरी तू नुसतं हो म्हणतेस. घरी भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं."

ताई पावत्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

"तुमचं?" लेक म्हणाली. आणि वळून चालू लागली.

मग ताईचा हात थांबला. मागे मिक्सर घेऊन एक माणूस उभा होता. तो म्हणाला, "अहो ताई, आटपा की."

पुढे मालकांनी ते खोकं रिकामं करायला काढलं, ज्याला जे हवं ते घरी न्या म्हणाले. ताईने मला उचललं. लेकीच्या जायच्या दिवशी सकाळी तिने मला लावलं आणि लेकीचा पिवळा टॉप पुढ्यात घेतला. बॅग दाराशी भरून ठेवली होती. ताई त्या बॅगेकडे बघत राहिली. मला टॉपवर टेकवलेला हात हलेना. अगं बाई, उचल मला, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. करपल्याचा वास सुटला.

लेक धावत आली, बटण बंद केलं. "आई, जळला की गं."

"बरोबर आहे तु..." ताई मध्येच अडकली.

लेक वाट बघत होती. मग तिने जळकी बाजू आत घेऊन टॉपची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि गेली.

तेव्हापासून मी खिडकीत आहे. ताई चुरगळलेल्या कपड्यांनीच कामाला जाते. तुम्हाला काही परत करायचं असेल तर खुशाल करा, मला आता त्याचं काही वाटत नाही. फक्त समोरची बाई मान हलवतेय म्हणून तोंडाला येईल ते बोलू नका. तिला संध्याकाळी घरी जाऊनही कुणाशी तरी बोलायचं असतं.

आत्ताच फोन वाजला. लेकीचा आहे. मावशीकडे बरं चाललंय, आता इथेच राहीन म्हणते, एवढं मला ऐकू आलं. ताईचं पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"नाही," ताई म्हणाली. "हे काही बरोबर नाही तुझं."

"तू परत ये," ताई म्हणाली.

आता तुम्ही निघा. तिला बोलू द्या.