काजळीनं कोंडलेला माझा गळा

मी नळी बोलतेय. माणसापेक्षा उंच, आतून सिरॅमिकचं अस्तर आणि पोटात वितळलेलं कथील. विजेवर मी लालबुंद तापते. खालून नैसर्गिक वायूचे बुडबुडे सोडतात. वर येता येता त्या वायूची फारकत होते. हायड्रोजन आपल्या वाटेनं निघून जातो, कार्बनची काळी पूड वर तरंगत राहते. आत हवाच नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडही होत नाही.

मला घडवलं वेल्डरकाकांनी आणि चालवायची त्यांची मुलगी. तिला सगळे ताई म्हणत. दर पाळीला ती मला थांबवून माझ्या गळ्याशी साचलेली पूड खरवडून घ्यायची. पण मला चालताना बघायला पाहुणे येणार म्हणून कारखान्याच्या साहेबांनी सलग तीन पाळ्या मला थांबूच दिलं नाही.

पाहुणे काचेपलीकडे येऊन बसले आणि माझा गळा कोंडू लागला. बुडबुडे खालून ढकलत होते, वर वाट नव्हती. मला ओरडता येत नाही. दाबाचा काटा तेवढा थरथरत होता. काका शिडीवर चढून, धग चुकवत माझ्या गळ्याकडे कान देऊन उभे होते.

"सर, दाब चढतोय. पूड अडकलीय," ताई म्हणाली.

"काटा थोडा हलणारच. दहा मिनिटं काढा, मग हवं तेवढं खरवडा," साहेब म्हणाले.

काटा आणखी सरकला.

"बाबा, खाली या!"

"अगं, बघू दे जरा..."

"आधी खाली या म्हणते ना!"

काकांचे पाय जमिनीला लागले मात्र, तिनं वायू बंद केला आणि कोंडलेला दाब शिडीजवळच्या सुरक्षा झडपेतून बाहेर सोडला. माझी धडधड हळूहळू उतरली.

"काय केलंत हे? पाहुण्यांना आता काय तोंड दाखवू?" साहेब कडाडले. ताई काटा शून्यावर येईपर्यंत तिथून हलली नाही.

दोन दिवसांनी मी निवल्यावर मला उघडलं. गळ्यात मुठीएवढा काळा गोळा, आणि बाहेरून, काका शिडीवर उभे होते त्याच बाजूला, केसासारखी बारीक चीर. साहेबांनी चिरेकडे पाहिलं, मग शिडीकडे, आणि ते खालच्या पायरीवर मटकन बसले.

आता मी शेडमागे आडवी पडून आहे. आत नव्या नळीचं काम चाललंय. तिचा गळा ताईनं दुप्पट रुंद करून घेतलाय. माझं एवढंच मागणं आहे: काटा थरथरला की थांबा. पाहुण्यांना पुन्हा बोलावता येतं.