गेव्याचा चीक

बयाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे अख्ख्या जासईला ठाऊक. सातारकडची सून जयमाला घरात आल्यापासून तर तिला ऊतच आला होता. भाकरी जाड, हसणं मोठं, चालणं ढांगा टाकत. पोरीनं काय केलं म्हणजे हिला चालेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी जयमालानं तिचं ऐकणंच सोडून दिलं.

त्या साली नव्या शहरासाठी डोंगराला कुंपण पडलं, नि सरपण खाडीवरून आणायची पाळी आली. डोंगरातलं झाड जयमालाला सालीवरून कळायचं. खाडीतलं सगळं तिला सारखंच. एका दुपारी तिनं मोळी आणून अंगणात टाकली आणि कोयत्यानं तोडायला बसली. बयाबाई ओटीवर होती, शेजारची सखू जवळा निवडत होती. फांदीतून पांढरा चीक ओघळला तशी बयाबाई ताडकन उठली.

हा गेवा हाय, विषारी हाय, टाक तो, असं तिनं ओरडून सांगितलं. जयमालानं मानसुद्धा वर केली नाही. आमच्याकडं उंबरालाही असाच चीक येतो, तुम्हाला माझी मोळीपण बघवत नाही, असं म्हणून तिनं तोच हात घाम पुसायला डोळ्यांकडे नेला.

बयाबाईनं धावत जाऊन मनगट धरलं. पण असं धरून किती दिवस पुरणार? उद्या ही पुन्हा खाडीत जाणार, नि आपल्या शब्दाला तर काडीची किंमत उरलेली नाही. ती आपणच घालवली.

आपला डावा डोळा देवी आल्या तेव्हा गेला, असं बयाबाई तीस वर्षं सांगत आली होती. देवीनं घेतलेला डोळा, म्हणून देवळात पहिली ओटी भरायचा मान तिचा. सखूसुद्धा सणावाराला तिच्या पाया पडायची. बयाबाईनं सखूकडे एकदा बघून घेतलं.

"देवी नव्हत्या आल्या," ती म्हणाली. "नवी सून होती मी. कोनाला न इचारता गेवा तोडला नि हात डोल्याला लावला. यानंच माजा डोला खाल्ला."

सखूचा हात सुपातच राहिला. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे बयाबाईला कळत होतं. जाऊ दे तो मान, तिला वाटलं, पोरीचे डोळे तरी राहतील. जयमालानं कोयता खाली ठेवला. बयाबाई चीक सुटावा म्हणून खोबरेल घेऊन आली आणि तिचं एकेक बोट चोळू लागली.

जयमाला म्हणाली, "आत्याबाई, लई दुखलं असंल."

तीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. देवीनं नेलेल्या डोळ्याचं दुखणं कोण विचारतो?

"जाम दुखला गो," बयाबाई म्हणाली, आणि बोटांवरचं तेल जिरून गेलं तरी चोळतच राहिली.