एकही नवं बाक न घेता

शाळा विभागाच्या भांडाराच्या किल्ल्या जिच्या कमरेला खुळखुळायच्या, तिला सगळी कचेरी कुलूपबाई म्हणायची. तिच्या सहीशिवाय तिथून खिळासुद्धा हलत नसे. नवरा म्हणायचा, "हिला दिवसातून एकदा कुणाचा तरी संशय आला नाही, तर अन्न पचत नाही."

त्या वर्षी वार्षिक अहवालाचा मसुदा तिच्या टेबलावर सहीसाठी आला. निधी निम्म्यावर आला तरी विभागाने काय काय करून दाखवलं, याची बारा कलमं होती. मुलांचं वाचन सुधारलं, गळती घटली. ते तिच्या अखत्यारीतलं नव्हतं. सातवं कलम मात्र होतं. 'एकही नवं बाक विकत न घेता एकशे चाळीस बाकं तयार केली. आता एकही मूल जमिनीवर बसत नाही. श्रेय : विभागाचे सुतार.'

कुलूपबाईने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. वर्षभरात तिने सुतारकाकांना दिले होते ते फक्त खिळे आणि सरस. लाकडाची फळी एकही नाही. भांडारात नव्हतीच, तर देणार कुठून? पाणी कुठेतरी मुरत होतं.

ती तडक कचेरीमागच्या सुतारशाळेत गेली. तिला बघताच काकांनी कोपऱ्यातल्या ढिगावर ताडपत्री ओढली.

"काका, लाकूड कुठून आणता?"

"शोधलं की मिळतं, बाई."

"आणि ताडपत्रीखाली काय?"

"भुसा."

"भुशाला पांघरूण लागतं होय?"

काका हसले नाहीत. रंधा मारत राहिले. चाळीस वर्षं नोकरी केलेला, दोन महिन्यांनी निवृत्त होणारा माणूस नजर चुकवतोय म्हटल्यावर तिचा संशय दुणावला. बाकं कागदावरच असतील, असं तिने मनाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून शाळा पालथ्या घालायला निघाली.

बाकं होती. पाच शाळांत मोजली, एकही कमी नाही. हलवून पाहिली, तर डुगडुगत नव्हती. तिला जरा वाईटच वाटलं म्हणा. पण सहाव्या शाळेत एका बाकाखाली वाकून पाहिलं, तेव्हा फळीच्या खालच्या अंगाला जुना हिरवा रंग दिसला, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत उलटं लिहिलेलं : 'खोली क्र. ४'.

हिरवी दारं विभागात एकाच शाळेला होती. दोन वर्षांपूर्वी पैसे नाहीत म्हणून बंद केलेली, टेकडीवरची. तिथली मुलं तेव्हापासून दोन बस बदलून दुसरीकडे जात होती.

ती टेकडी चढून गेली. फाटकावर पाटी होतीच : 'दुरुस्तीनंतर शाळा पूर्ववत सुरू होईल.' आत मात्र एकाही खोलीला दार नव्हतं. सभागृहातलं लाकडी व्यासपीठ गेलं होतं, नुसते दगड उरले होते. आणि सुतारकाका पहारीने खिडकीची चौकट उचकटत होते.

"सापडलात," ती म्हणाली.

काकांनी पहार खाली ठेवली. "मोठ्या साहेबांनी सांगितलं म्हणून करतोय. लेखी मागितलं, तर म्हणाले, घरातल्या घरात लेखी कशाला?"

"पण ही शाळा उघडायची आहे ना?"

"पहिलं दार उतरवलं तेव्हाच मला कळलं, ही आता उघडत नाही."

"मग गप्प का बसलात?"

"तिकडे पोरं फरशीवर बसून लिहीत होती, बाई. त्यांची वाकलेली पाठ दिसत होती मला."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाली होती ती.

तिने सातव्या कलमाखाली एकच ओळ वाढवली, 'लाकूड : टेकडीवरील शाळेची दारं, व्यासपीठ व चौकटी', आणि मसुदा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी ती ओळ खोडली.

"चांगल्या कामाला गालबोट कशाला लावता? सही करा."

"सामान कुठून आलं ते लिहिल्याशिवाय मी आजवर सही केलेली नाही, साहेब."

"मग कलमच काढावं लागेल."

"काढा."

अकरा कलमांचा अहवाल छापून आला. पण कुलूपबाई तेवढ्यावर थांबली नाही. टेकडीखालच्या बसथांब्यावर मुलांची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांना तिने सांगितलं, "एकदा वर जाऊन शाळा आतून बघून या." पुढच्या सोमवारी पन्नासेक आईबाप कचेरीत आले. साहेबांनी आधी कानावर हात ठेवले, मग आवाज चढवला, शेवटी मुलांसाठी थेट बस कबूल केली. शाळा काही उघडली नाही. फाटकावरची पाटी तेवढी उतरली.

त्याच महिन्यात काका निवृत्त झाले. सुतारशाळेची किल्ली द्यायला भांडारात आले आणि उभेच राहिले.

"बाकं तर खरी होती ना, बाई?"

"खरी होती. मी स्वतः मोजली."

"अहवालात आपलं काम येणार म्हणून मी घरी सांगून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत एकदा आलं असतं."

"कशाची बनवली ते लिहू देईनात, काका."

"ते कळलं मला." त्यांनी हत्यारांची पेटी खांद्याला लावली. "पण तुमच्या जागी मी असतो, तर सही केली असती."

ते गेले. तिने वहीत किल्ली जमा करून घेतली. तारीख मात्र तिला दोनदा खोडावी लागली.